एकशे तीसची रेघ

चाचा,

आज मी 'खाली' म्हटलं आणि खालीच आलं! हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून भांडी तशीच टाकून कागद शोधला. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, आणि इथं समुद्रापार आल्यापासून मी मराठीत किराण्याच्या यादीपलीकडं काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. मी एका मोठ्या हॉटेलाच्या धुलाईखान्यात आहे. दिवसभर चादरी, अभ्रे, टॉवेल. आमच्या मजल्यावर निम्मे लोक फिलिपिन्सचे. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्याला सगळे 'कुया' म्हणतात, म्हणजे दादा, आणि मीही तेच म्हणतो. या लोकांना बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटपेक्षा दोन बोटं जास्तच. आज शुक्रवारची सुट्टी, दुपारी स्वयंपाकघरात भाताचं पातेलं चढलेलं, ओट्यावर मोबाइल टेकवलेला, आणि त्याच्यासमोर बारा-तेरा जण एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेले. कोण जिंकणार यावर त्यांचा डाव नव्हताच. दोन्ही संघांचे मिळून गुण किती होणार, एकशे नव्वदच्या वर की खाली, त्यावर होता.

चाचा, माझ्या हातातला कांदा खाली पडला! मला वाटलं होतं ही तुमची आणि आपल्या वरवट बकालची खासगी गोष्ट आहे. मी विचारलं, कोणी काय लावलंय? कुया ओरडला, "सब ओव्हर! हमारा हिरो वापस आया, घुटना ठीक हो गया. आज सबका पार्टी!" तेरापैकी तेरा 'वर'. मला त्या हिरोचं नाव माहीत नाही, चेंडू टोपलीत गेला की दोन मिळतात की तीन हेही मी कधीकधी विसरतो, पण मी तोंड उघडलं आणि 'खाली' म्हणालो. सगळी खोली माझ्यावर धावून आली. कुया म्हणाला, "तुम खराब आदमी. अंडर बोलनेवाला दूसरे का खुशी रोकता." मी हसत सुटलो, कारण हेच वाक्य मी तुमच्या ओट्यावर वीस वेळा ऐकलंय. आणि मग शेवटची दोन मिनिटं! हरत असलेला संघ मुद्दाम धक्के मारतो, त्याचे समोरच्यांना फुकटचे नेम मिळतात, आकडा एकेकानं सरकत राहतो. एकशे त्र्याऐंशी, पंच्याऐंशी, सत्त्याऐंशी... भात करपला तरी कोणी हललं नाही. भोंगा वाजला, एकशे अठ्ठ्याऐंशी. सगळे एका सुरात "सायांग!" म्हणाले, म्हणजे थोडक्यात गेलं रे. मी एक पैसाही लावला नव्हता, आता लावत नाही. पण असा नाचलो की खालच्या मजल्यावरून कोणीतरी छत ठोकलं. कुयानं विचारलं, किसने सिखाया? मी म्हटलं, एका गादीवाल्यानं.

तुमचं दुकान डोळ्यासमोर जसंच्या तसं आहे. बसथांब्यापासून चार पावलांवर, पत्र्याचं छप्पर, आत पिंजायचं यंत्र घरघरतंय, भिंतीला तुमच्या वडिलांची कापूस पिंजायची धनुकली टांगलेली, आणि तुमच्या दाढीत, भुवयांत, टोपीवर कापसाचे तंतू. मी पहिल्यांदा आलो तो आईची गादी भरायला घेऊन. तुम्ही आमच्या घरचा बीटीचा कापूस चिमटीत धरून ओढला आणि नाक मुरडलं. "धागा लांब हाये, कारखान्याले चांगला. गादीले देशी पाह्यजे, बेटा. पन आता देशी कोन पेरते?" मी तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो, आणि जगातल्या प्रत्येक म्हाताऱ्याशी वाद घालणं हा माझा धंदा होता. मी तिथंच अर्धा तास बीटीची वकिली केली. तुम्ही यंत्र बंद न करता ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणालात, "तू 'वर'वाला हाये. बस इथं." मला काही कळलं नाही. पण बसलो, आणि पुढचं दीड वर्ष तिथंच बसलो.

त्या ओट्यावरची हिरवी फळी आठवते? हिवाळ्यात कापूस घरात आला की गावोगाव टेनिस-बॉलच्या स्पर्धा लागायच्या, आठ-आठ षटकांच्या, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी तुम्ही त्या फळीवर शिंप्याच्या खडूनं एक आडवी रेघ मारून वर आकडा लिहायचे. दोन्ही डावांचे मिळून किती रन. रेघेच्या वर ज्याला वाटतं त्यानं वरच्या डब्यात टाकायचं, खाली वाटतं त्यानं खालच्या, आणि हरलेला डबा जिंकणाऱ्यांत वाटायचा. तुम्ही स्वतः कधी लावलं नाही. दोन्ही डबे सांभाळायचे, आणि त्याबद्दल जिंकणाऱ्यांनी स्पर्धेला नवे चेंडू आणून द्यायचे. बरोबर रेघेवरच आकडा आला तर दोन्ही डब्यांचा चहा. मी आपला हुशारी दाखवायला गेलो, "चाचा, तुमचा अंदाज चुकला, एकशे अठ्ठावीस लय जास्त हाये." तुम्ही असे हसलात की खोकला लागला. "अंदाज? अबे, मले काय माहीत किती होतीन! हे रेघ रनांची नाई. हे रेघ लोकांच्या मनाची हाये. अर्धं गाव इकडं, अर्धं गाव तिकडं उभं राह्यलं की माही रेघ बरोबर." आणि खरंच, वरचा डबा जड झाला की तुम्ही ओल्या फडक्यानं आकडा पुसून दोननं वाढवायचे, खालचा जड झाला की उतरवायचे. संध्याकाळी शेवटचा जो आकडा राहील तो सगळ्यांना लागू, आधी लावणाऱ्यालाही. कॉलेजात सांख्यिकीचे सर फळा भरून लिहायचे, त्यातलं काही डोक्यात शिरलं नाही. हे शिरलं. रक्तात शिरलं!

मग तुम्ही मला माणसं वाचायला शिकवलीत. शंभरातले सत्तर जण 'वर'च का लावतात? कारण 'वर'वाल्याला मजा येते. चौकार गेला की त्याला नाचता येतं. 'खाली'वाल्याला निर्धाव चेंडूसाठी देव आठवावा लागतो, आपल्याच गावचा गडी बाद झाला की मनात हसावं लागतं, आणि म्हणून ते चार-सहा जण लांब निंबाखाली तोंड लपवून बसायचे, जणू मयताला आले. "म्हनून रेघ नेहमी खऱ्यापेक्षा दोन बोटं वर राह्यते," तुम्ही म्हणालात. "लोकायले मजा पाह्यजे, आन् मजेचे दोन रन त्यायच्या खिशातून जातेत." एकदा समोरच्या कृषी केंद्राच्या भिंतीवरच्या चित्राकडं तुम्ही बोट दाखवलं होतं, तो फेटेवाला शेतकरी, कमरेपर्यंत पांढऱ्या कापसात बुडालेला, आणि खाली एकरी उताऱ्याचा आकडा. "हे पाह्य, याची रेघ किती वर हाये! तरी लाइन लावून बियाणं घेतेत. पेरनीच्या दिवशी 'खाली' म्हननारा मानूस मी अजून पाह्यला नाई, बेटा. मीबी म्हनलो नसतो." तेव्हा रांगेत माझे वडीलही उभे होते, त्यांनी आमच्याकडं पाहून हात हलवला होता.

आणि माझ्याबद्दल तर तुम्ही सरळच बोलायचे. "ज्याचं मन कुठं बसलं तो 'वर'च लावते. तुह्यं कुठं बसलं बे?" ओट्यावरचे सगळे हसायचे, आणि मी रागानं उठून जायचो, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचो. मन बसलं होतंच. ती माझ्याच वर्गात होती, आमच्याच गावची, आणि मैदानाला लागून जे शेत होतं ते तिच्या वडिलांचं. एस.टी.त ती पुढं बसायची, मी मागं. तिनं एकदाच, कॉलेजच्या पाण्याच्या टाकीपाशी, मला नीट सांगितलं होतं, "बीए तरी पुरं कर. मंग मले बाबांपाशी तुह्यं नाव घेता येईन. तसं नाई येनार." बस, एवढंच. त्या एका वाक्यावर मी महिनाभर जेवण विसरलो होतो. म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरणं ही माझ्यासाठी परीक्षेची गोष्ट नव्हतीच, चाचा. तो तिच्या दारापर्यंतचा एकमेव रस्ता होता, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं जे केलं ते अजून कळत नाही.

तुम्हाला ती जागा आठवत असेल. मैदानाच्या एका बाजूला तिच्या वडिलांनी त्या वर्षी फरदड ठेवली होती. बाकीच्यांनी वेचणी संपल्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या काढल्या, यांनी विहिरीला पाणी होतं म्हणून बीटीला पुन्हा पाणी दिलं, अजून चार बोंडं मिळतील म्हणून. छातीएवढ्या अर्धवट वाळक्या काड्यांचं जंगल, त्यात चेंडू गेला की दहा मिनिटं शोधा आणि हात ओरबाडून घ्या. म्हणून नियम पडला होता, चेंडू पऱ्हाटीत गेला की दोन रन, मग तो कसाही जावो. सगळे जण शिव्या द्यायचे, कारण चांगला षटकार तिथं दोनचा होऊन पडायचा. आणि अंतिम सामन्याच्या आठवड्यात ती एस.टी.तून उतरताना सहज बोलून गेली, "रविवारी सकाळी बाबा फरदड उपटून राह्यले. उन्हाळी भुईमूग पेराचा हाये." ती बोलली शेताचं. मी ऐकलं फळीचं! माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या. अंतिम सामना रविवारी दुपारी, आमचं गाव विरुद्ध सोनाळा. तुमची रेघ आधीच्या सामन्यांवरून मारलेली, पऱ्हाटी उभी असतानाची. ती बाजू मोकळी झाली की दोनचे चार होणार, सहा होणार. आणि हे अख्ख्या गावात मला, तिला आणि तिच्या बाबांना ठाऊक!

मला तिच्यासाठी मोबाइल घ्यायचा होता, चाचा. एस.टी.त मागं बसून पाठ पाहण्याचा कंटाळा आला होता. घरून परीक्षेची फी मिळाली होती, फॉर्मची शेवटची तारीख सोमवार. हिशेब सोपा वाटला: रविवारी दुप्पट, सोमवारी फी, आणि उरल्यात फोन. शनिवारी संध्याकाळी मी आलो तेव्हा फळीवर एकशे अठ्ठावीस होता. मी अख्खी फी वरच्या डब्यात टाकली. तुम्ही यंत्र बंद केलंत. तुम्ही यंत्र बंद केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हे कायचे पैशे हायेत?"

"माहेच हायेत."

"कायचे, म्हनून इचारलं. कोनाचे नाई इचारलं."

"चाचा, घ्याचे असतीन तर घ्या, नाई तर मी सोनाळ्यात लावतो. तिथंबी फळी हाये."

"डोकं गरम करून राह्यला तू. थोडे लाव. मजेपुरते लाव."

"मले मजा नाई पाह्यजे," मी म्हणालो, "मले जितायचं हाये." ओट्यावरच्या कोणीतरी शिट्टी मारली. तुम्ही फडकं ओलं केलंत, एकशे अठ्ठावीस पुसलं, आणि एकशे तीस लिहिलंत. एका माणसाच्या पैशानं रेघ दोननं सरकली! मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला अभिमान वाटला.

रविवारी सकाळी मी काय केलं ते तुम्ही नंतर ओळखलंत, पण मी पूर्ण कधी सांगितलं नाही. मी उजाडताच तिच्या शेतात गेलो. मला भीती होती, बाबांना उशीर झाला, सामन्याआधी पऱ्हाटी निघाली नाही तर? ते दोन मजूर घेऊन उभे होते. मी म्हटलं, "काका, मी येतो मदतीले, मैदान आमाले लागतेच." त्यांनी लोखंडी चिमटा माझ्या हातात दिला. पऱ्हाटीच्या बुडाशी चिमटा लावायचा, दांडा दाबायचा, मूळ सुटतं, काडी फेकायची. बीटीची दुसऱ्या पाण्यावर जगलेली पऱ्हाटी, मुळं ही अशी खोल! दहा वाजता माझ्या तळहातांची कातडी निघाली होती आणि मी गात होतो. ती न्याहारी घेऊन आली, मला पाहून शेताच्या कडेला धुऱ्यावरच थांबली, आणि तिचे बाबा तिला म्हणाले, "पाह्य व, पोट्टा कामाचा हाये." चाचा, तो क्षण! मला वाटलं फॉर्म-बिर्म काही लागत नाही, आजच्या आज सगळं होतंय. बारा वाजता शेत साफ, काळ्या ढेकळांचा उघडा तुकडा. पंचांनी येऊन पाहिलं आणि जाहीर केलं, दोनचा नियम रद्द, पलीकडच्या धुऱ्यापर्यंत मैदान. निंबाखालच्या 'खाली'वाल्यांची तोंडं उतरली. मी लांबून तुम्हाला शोधलं. तुम्ही खुर्चीवर बसून त्या मोकळ्या शेताकडं पाहत होतात, आणि हसत नव्हतात.

सोनाळ्यानं आधी बॅटिंग घेतली. पहिल्या तीन षटकांत चौतीस! मी आत्ता लिहितानाही उभा राहिलोय. मी नाचतोय, ओरडतोय, शेजारच्याच्या पाठीवर गुद्दे घालतोय. मग त्यांचा डावखुरा त्या उघड्या बाजूला उचलून मारतो, मी "गेला!" म्हणतो, आणि आमचा पोट्टा ढेकळांतून धावत जाऊन झेल घेतो. ठीक आहे, एक गडी. दुसरा येतो, तोही तिकडंच मारतो, चेंडू मऊ मातीत टप्प्यालाच रुतून बसतो, सरपटत पुढं जातच नाही, एक रन. पुन्हा उंच, पुन्हा झेल. आधी तिकडं गेलेला प्रत्येक फटका, वाकडा असो की सरळ, हुकलेला असो की बसलेला, दोन रन देऊन जात होता, आणि तिथं कोणी बाद होत नव्हतं. ती पऱ्हाटी फटके खात नव्हती, फलंदाजांना सांभाळत होती! हे मी कधी मोजलंच नव्हतं. मला फक्त षटकार दिसत होते. सोनाळा पासष्टवर थांबलं.

आता गंमत पाहा. आमच्या गावाला जिंकायला सहासष्ट पाहिजेत. पासष्ट आणि सहासष्ट एकशे एकतीस. म्हणजे गाव जिंकलं की 'वर', गाव हरलं की मी मेलो. पहिल्यांदाच आयुष्यात मी, माझं गाव, ती आणि फळी, सगळे एका बाजूला उभे! शेवटचं षटक, नऊ पाहिजेत. एक, चार, निर्धाव, एक, एक. शेवटच्या चेंडूला दोन. धुऱ्यावर ती मैत्रिणींबरोबर उभी आहे, ओढणीचं टोक दातात. आमचा फलंदाज पुढं येतो, बॅट फिरते, नीट लागत नाही, चेंडू वर चढतो आणि त्या बाजूला जातो, तिथंच, जिथं मी पहाटे पहिली पऱ्हाटी उपटली होती त्याच्या दोन हात पलीकडं. काल हा चेंडू काड्यांत पडला असता. दोन रन, सामना, कप, एकशे एकतीस. आज सोनाळ्याचा एक लंबू धावत येतो, ढेकळावर ठेचाळतो, गुडघ्यावर पडतो, आणि पडता पडता झेलतो. चौसष्ट. मिळून एकशे एकोणतीस. चाचा, ओरडणं थांबल्यावरही माझं तोंड उघडंच होतं. आणि तुमची रेघ एकशे अठ्ठावीसवरच राहिली असती तर मी जिंकलो असतो, हे मला रस्त्यात, घरी जाताना, पाय उचलता उचलता कळलं.

घरी गेलोच नाही, तुमच्याकडं आलो. भांडायला आलो. "तुमी रेघ सरकवली म्हनून हरलो," मी ओट्यावरूनच ओरडलो. तुम्ही म्हणालात, "हात दाखव." मी मुठी आवळल्या. तुम्ही माझं मनगट धरून बोटं एकेक करून उघडलीत. सोललेले तळहात, त्यात काळी माती.

"कोनं सांगतलं तुले, पऱ्हाटी निघनार म्हनून?"

मी मान फिरवून फळीकडं पाहिलं.

"तिनं सांगतलं. तिनं भरोशानं सांगतलं, आन् तू ते डब्यात टाकलं." तुमचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "हरला त्याचं काई नाई, बेटा. सगळेच हरतेत. पन बाकीच्यायनं आपलं टाकलं होतं. तू दुसऱ्याचं टाकलं." मी तुमचा हात झटकला, फळीला लाथ मारली, ती खाली पडून एका कोपऱ्याला फुटली, आणि मी निघून गेलो. एवढा भडकूपणा आता राहिला नाही, थोडा आहे.

सोमवारी सकाळी बसथांब्यावर तुम्ही उभे होतात. दुकानाची कामं टाकून, टोपीवर कापूस तसाच. माझ्या खिशात काहीतरी कोंबलंत. "हे डब्यातले नाईत. माह्या पिंजाईचे हायेत. जाय, फॉर्म भर. आज शेवटची तारीख हाये ना?" मी नको म्हणालो. तुम्ही म्हणालात, "मी शाळेत चवथीपर्यंत गेलो. माह्या ओट्यावर एक तरी बीए बसू दे बे." आणि मागं न पाहता गेलात. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, भरला? मी म्हणालो, हाव चाचा, भरला. तुम्ही फुटलेल्या फळीवर एक पट्टी ठोकत होतात, तिथंच थांबलात आणि शेजारच्या चहावाल्याला ओरडून सांगितलंत, "चार कटिंग, माह्यातर्फे!" निकाल लागायच्या आधीच, उन्हाळ्यात, एका दुपारी यंत्रापाशी बसल्याबसल्या तुम्ही गेलात. मी खांदा दिला. कबरस्तानातून परतताना तुमच्या धाकट्या भावानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "लय सांगायचे तुह्याबद्दल. कॉलेजवाला पोरगा, परीक्षेले बसला म्हनत." मी मान हलवली. चौदा वर्षं झाली, ती मान हलवलेली अजून मानेत दुखते.

फॉर्म भरला नव्हता, हे तुम्ही एव्हाना ताडलं असेल. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून इथं उरलेलंही लिहून टाकतो. तुम्ही पाठ फिरवलीत, तालुक्याची गाडी आली, आणि मी चढलो नाही. त्यामागची सोनाळ्याची आली, तिच्यात चढलो. तिथं त्या दिवशी त्यांची स्पर्धा सुरू होत होती, आणि माझ्या डोक्यात एकच होतं की आज गेलेलं भरून काढून संध्याकाळी तुमचेही पैसे परत, आणि उशिराच्या दंडासकट फॉर्म. मी तुमच्या पिंजाईचे सगळे पैसे 'वर' लावले. आणि वर आलं, चाचा! तीन षटकं बाकी असतानाच आलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी तिथूनच थेट मोठ्या बाजाराला जाऊन फोन घेतला, उरलेले पुढच्या सामन्यावर लावले, तेही आले, आणि दंडाची तारीख कधी गेली ते कळलं नाही. फोन तिच्यापुढं धरला तेव्हा तिनं हात मागं घेतला आणि एवढंच विचारलं, "नोटीस बोर्डावर परीक्षेच्या यादीत तुह्यं नाव काऊन नाई?" ती पुढच्या वर्षी अकोल्याकडं लग्न होऊन गेली.

सगळे समजतात मी हरून हरून कॉलेज सोडलं. मीही इथं कुयाला तसंच सांगितलंय. हरलो असतो तर त्याच संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येऊन रडलो असतो, तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या, आणि काहीतरी मार्ग निघाला असता. मी जिंकलो होतो, फॉर्म उद्याही भरता येईल असं वाटलं, म्हणून खोटं बोललो.